साडेसत्तावन्न फूट आणि अडीचशे शब्द

आधी विद्यार्थी संशोधन परिषदेत नामंजूर झालेला आमचा प्रस्ताव वाचा, सगळं प्रकरण त्यातच आहे.

"सांगली शहरातील महापुराचे सामाजिक, आर्थिक व भौगोलिक परिणाम : एक चिकित्सक अभ्यास. पूर ही एक नैसर्गिक आपत्ती असून प्राचीन काळापासून मानवाचे नदीशी अतूट नाते राहिले आहे. २००५, २०१९ व २०२१ साली सांगली शहरास महापुराचा तडाखा बसला. कोयना धरणाचा विसर्ग, अलमट्टीचा फुगवटा, नदीपात्रातील अतिक्रमणे व हवामान बदल या घटकांचा चिकित्सक आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेण्यात आला आहे. सदर अभ्यासातून पूर व्यवस्थापनासाठी महत्त्वपूर्ण निष्कर्ष अपेक्षित आहेत."

हे पोरांनी लिहिलं असं मी बरेच दिवस सांगत फिरत होते. खरं म्हणजे यातलं 'सामाजिक, आर्थिक' माझं, 'एक चिकित्सक अभ्यास' पण माझंच. मी सांगलीत एका कॉलेजात तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, दरवर्षी दोन-तीन ग्रुपना कुठल्या ना कुठल्या विद्यार्थी संशोधन परिषदेला पाठवायचं काम माझ्याकडं येतं. 'आविष्कार' सगळ्यांना माहीतच आहे, राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकारानं २००६ पासून चालतं, आधी जिल्हा, मग विद्यापीठ, मग राज्य, त्यामुळं पोरांच्या डोक्यात परिषद म्हणजे आविष्कारच. आमचं हे प्रकरण दुसऱ्या दोन लहान परिषदांचं आहे, त्यांची नावं घेत नाही. एकीकडं नापास झालो, दुसरीकडं बसलो. दोन्हीकडं मोजलेलं तेच होतं, मधे फक्त लिहिणं बदललं (आणि थोडं मोजणं, ते सांगते पुढं).

पोरं तिघं, टीवायची. एक गावभागातली, म्हणजे सांगलीच्या नदीकाठच्या जुन्या वस्तीतली, जिच्या घरात पाणी आलेलं. एक बुधगावचा, वडील गवंडी. आणि एक मिरजेचा, तो उंचावर राहणारा, त्याला पूर व्हॉट्सअ‍ॅपवरच दिसला, पण कॉम्प्युटरचं सगळं तोच बघायचा. गावभागवाली पहिल्यांदा माझ्याकडं आली तेव्हा तिच्या मोबाइलमधे एक फोटो होता. स्वयंपाकघराची भिंत, कालनिर्णय बाजूला सरकवलेलं आणि मागं खिळ्यानं ओढलेल्या दोन रेघा, वरच्या रेघेशेजारी १९, खालच्या रेघेशेजारी २१. घर रंगवलं तरी तेवढी पट्टी आजी रंगवू देत नाही म्हणाली. "मॅडम, आमच्या गल्लीत प्रत्येकाकडं असली रेघ आहे. ह्याच्यावर काहीतरी करता येईल का?"

ह्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं असेल? "छान आहे गं, पण विषय लहान पडतो. जरा मोठा कर."

त्या एका वाक्यानं तीन आठवडे गेले. विषय मोठा झाला म्हणजे काय झालं, तर कोयना आली, खाली कर्नाटकातलं कृष्णेवरचं अलमट्टी धरण आलं. आता अलमट्टी हा शब्द सांगलीत कुठल्याही टपरीवर काढा, तिथल्या तुंबलेल्या पाण्यानं सांगली बुडते का ह्यावर चहा गार होईपर्यंत लोक भांडतात, २०१९ नंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं महापुराच्या कारणांवर अख्खा अहवाल लिहिलाय, आणि आमची तीन पोरं ते आठ मिनिटांच्या सादरीकरणात निकालात काढणार होती. बरं त्यांनी धरणावर काहीच काम केलेलं नव्हतं. त्यांनी काय केलेलं, तर सुट्टीच्या दिवशी टेप घेऊन गावभाग, मारुती चौक, हरभट रोडकडच्या गल्ल्या पालथ्या घातल्या होत्या आणि ४१ भिंती बघितल्या होत्या. त्या ४१ भिंतींचा नामंजूर प्रस्तावात एका अक्षरानं उल्लेख नाही. परत वर जाऊन बघा, खरंच नाही. मी सही केली तेव्हा मलाही ते दिसलं नाही, कारण ती भाषा मी रोज वाचते, 'सदर', 'प्रस्तुत', 'घटकांचा आढावा', डोळा घसरतच जातो त्यावरनं.

परीक्षकाचा शेरा तीन ओळींचा आला. विषय फार व्यापक. पद्धत कळत नाही. निष्कर्ष 'अपेक्षित' म्हणजे काम झालंय की व्हायचंय? पोरं चिडली. मिरजेवाला म्हणाला, "मॅडम, वशिला लागतो तिथं." मला पण आधी तसंच वाटलं, खोटं कशाला बोलू. पण तिसरी ओळ डोक्यातनं जाईना. प्रस्तावात 'अपेक्षित आहेत' लिहिणं म्हणजे लग्नाच्या पत्रिकेत 'मुलगी बघणं चालू आहे' छापण्यासारखं आहे. काही परिषदा चालू काम घेतात, तसं त्यांच्या सूचनेत लिहिलेलं असतं, मग तिथं 'एवढं झालंय, एवढं राहिलंय' असं उघड लिहायचं. पण काम झालेलं असताना झालं नाही असं लिहून नापास होणारे आम्हीच.

मग परत बसलो, ह्यावेळी माझ्याकडं नाही, गावभागात तिच्या घरी, त्या भिंतीसमोर. आजींनी पोहे केले. मी एवढंच विचारलं की ह्या रेघेवरनं आपल्याला नक्की काय सांगता येतं, जे आत्ता कुणालाच सांगता येत नाही?

इथं सांगलीबाहेरच्यांसाठी एक गोष्ट सांगायला पाहिजे. आमच्याकडं पूर फुटांत मोजतात, आणि ते फूट आयर्विन पुलाचे. कृष्णेवरचा १९२९ चा पूल, त्याच्यापाशी पातळी मोजतात, ४० ला इशारा आणि ४५ ला धोका. पावसाळ्यात माणूस माणसाला भेटला की नमस्काराआधी "आयर्विनला किती?" २०१९ ला साडेसत्तावन्नच्या आसपास गेलेलं, २०२१ ला पंचावन्नच्या आसपास, २००५ ला चोपन्नाच्या जरा अलीकडं. हे आकडे शेंबड्या पोराला पाठ आहेत. पण आयर्विनला ४८ झालं म्हणजे माझ्या दारात पाणी येणार की नाही, हे ज्यानं त्यानं अनुभवानं ठरवायचं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, कर्नाळ रोड हे पहिले जाणार हे सगळ्यांना माहीत, त्यांचं ठरलेलं असतं. घोळ होतो तो मधल्या गल्ल्यांचा. तिथं लोक ट्रॅक्टर भरायचा की नाही ह्याच्यावर रात्र काढतात.

आजी मधेच म्हणाल्या, "पाच सालाला मांडीएवढं होतं रस्त्यात. मी लुगडं वर धरून गेलेली आठवतंय."

बुधगाववाला हे ऐकत होता आणि भिंतीकडं बघत होता. तो फार बोलत नाही. तो म्हणाला, "मॅडम, पाणी लेव्हल असतं नव्हं."

एवढंच. पण त्यात सगळं आलं. पाणी लेव्हल असतं, म्हणजे २०१९ ला दिवसचे दिवस पाणी तुंबून उभं होतं तेव्हा ह्या स्वयंपाकघरातली वरची रेघ आणि आयर्विनवरचे साडेसत्तावन्न फूट ही एकाच पाण्याची पातळी. मग त्या रेघेपासून रस्ता किती खाली आहे ते मोजा आणि साडेसत्तावन्नातनं वजा करा. उत्तर येईल ती आयर्विनची पातळी, ज्या पातळीला ह्या रस्त्यावर पाणी पोचतं. सहावीतल्या पोराला जमेल अशी वजाबाकी, आणि आम्ही कोयना-अलमट्टी करत बसलेलो.

पहिल्या वेळी उंची काढायला मिरजेवाल्यानं मोबाइलचं जीपीएस वापरलेलं. ते का चालत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं, उशिरा कळलं, पण कळलं. एकाच उंबऱ्यावर सकाळी आणि दुपारी घेतलेल्या उंचीत सात मीटरचा फरक. सात मीटर म्हणजे तेवीस फूट, अख्खा महापूर त्याच्यात बुडून वर जागा उरते. मोबाइल तुम्ही कुठल्या गल्लीत उभे आहात ते बरं सांगतो, पण किती उंचावर उभे आहात ते इंचात विचारायला गेलं की वाट्टेल ते बोलतो. हे जर पहिल्या प्रस्तावात पद्धत म्हणून लिहिलं असतं तर शेरा तीन ओळींचा नाही, तीस ओळींचा आला असता. पद्धत न लिहिण्याचा तेवढा एक फायदा.

मग बुधगाववाल्यानं वडिलांचा लेव्हल पाइप आणला. घर बांधताना गवंडी वापरतात तो, दहा मीटरचा पारदर्शक पाइप, आत पाणी, दोन्ही टोकं उघडी. एक टोक आतल्या रेघेला धरायचं, दुसरं टोक दारातनं बाहेर रस्त्यापर्यंत न्यायचं, दोन्हीकडं पाणी एका उंचीला उभं राहतं. त्यानं पाण्यात चिमूटभर हळद टाकली, लांबनं दिसावं म्हणून. सांगलीत दुसरं काय टाकणार! पाइप कायमचा पिवळा झाला आणि घरी बोलणी खाल्ली. पाइपात एक जरी बुडबुडा राहिला की काम गेलं, तो बोटानं टिचक्या मारत मारत बुडबुडा वर काढायचा आणि बाकी दोघं "आला, आला, अडकला" असं ओरडायची. हे बघायला गल्ली जमायची.

त्या घराचं गणित असं निघालं. २०१९ ची रेघ रस्त्यापासून ६ फूट ४ इंच वर. आयर्विन ५७ फूट ६ इंच धरलं तर रस्ता भिजतो ५१ फूट २ इंचाला. आता त्याच भिंतीवर २१ ची रेघ, ती रस्त्यापासून ३ फूट ९ इंचावर, आयर्विन ५५ धरलं तर ५१ फूट ३ इंच. दोन वेगळे पूर, दोन वेगळ्या रेघा, उत्तरात एका इंचाचा फरक. गावभागवालीनं लगेच पुढचं केलं, २००५ ला चोपन्नाच्या जरा अलीकडं होतं म्हणजे रस्त्यात अडीच फुटांच्या आसपास पाणी पाहिजे. तिनं आजीला उभं केलं आणि टेप लावला. मांडीएवढं.

त्या दिवशी मला वाटलं की हेच सादरीकरण आहे, ह्याच्यापुढं काही जोडायचं नाही.

पण सगळीकडं असं गोड जुळलं नाही, आणि खरी मजा तिथंच होती. ४१ पैकी ११ खुणा नुसत्या तोंडी होत्या, "हितपर्यंत आलंतं" आणि हात वर. पोरांच्या लक्षात आलं की पहिल्या दिवशी हात जरा जास्तच वर जातायत. का? तर टेप आणि वही घेतलेली तीन माणसं दारात आली म्हणजे पंचनामा आला असं लोकांना वाटत होतं. अनुदान मिळणार असेल तर पाणी कोण कमी सांगेल. एका मावशींनी तर माळ्याकडं बोट दाखवलं आणि पोरं कॉलेजची आहेत कळल्यावर तेच पाणी खिडकीच्या खाली उतरलं. त्या ११ खुणा काढून टाकल्या. पोरांना जीवावर आलं, ४१ हा आकडा ३० पेक्षा भारी दिसतो ना. उरलेल्या ३० मधल्या १७ पक्क्या, म्हणजे रंगानं, खिळ्यानं किंवा छिन्नीनं केलेल्या, आणि १३ कच्च्या, म्हणजे गाळाचा डाग, सादळलेली पट्टी असल्या.

उलटं पण झालं. एका घरी खूण होती, लख्ख होती, पण मालक फोटो काढू देईनात. घर विकायला काढलंय, रेघ दिसली की गिऱ्हाईक पाय मागं घेतं. त्यांचं काय चुकलं? मग आम्ही ठरवलं की एकाही भिंतीचा पत्ता द्यायचा नाही, घराचं नाव, नंबर, दुकानाची पाटी काही नाही, नुसतं ठिकाण १, ठिकाण २, आणि प्रत्येकाकडनं साध्या कागदावर हो लिहून घ्यायचं. ज्यांनी नाही म्हटलं त्यांना सोडायचं. ही परवानगीची बाब मी आधी कधी पोरांना सांगितलीच नव्हती, आपल्याकडं भूगोलाच्या सर्वेक्षणात ते कोण विचारत नाही, पण दुसऱ्या परिषदेच्या फॉर्ममधे त्याचा रकाना होता, तेव्हा बरं झालं.

३० पैकी १२ ठिकाणी १९ आणि २१ दोन्ही खुणा होत्या. त्यातली ९ चार इंचांच्या आत जुळली. ३ जुळेनात. मिरजेवाला म्हणाला, तीन सोडून देऊ, ९ पैकी ९ लिहू. मी तोंड उघडायच्या आत बुधगाववाला म्हणाला, थांब, मी परत जाऊन येतो. त्यातल्या एका दुकानासमोर तो अर्धा तास नुसता उभा राहिला (हे त्या दुकानदारानंच नंतर सांगितलं, त्याला वाटलं पोरगं पाळत ठेवतंय). मग विचारलं, "काका, तुमच्या दुकानाला तीन पायऱ्या होत्या का? एक बुजलीय का?" बुजली होती. २१ नंतर त्यांनी भर टाकून फरशी सात इंच उंच घेतली, मग भिंतीला रंग दिला, रंगाखाली २१ ची जुनी खूण गेली, मग फरशीपासनं तेवढेच फूट मोजून नवी खूण काढली. म्हणजे खूण पण सात इंच वर चढली. आमच्या हिशोबात जो फरक येत होता तो बरोब्बर तेवढाच. उरलेल्या दोन ठिकाणचं कारण सापडलं नाही आणि आम्ही तसंच लिहिलं.

हे 'तसंच लिहिलं' म्हणते तेवढं सोपं नव्हतं. पोरांना वाटत होतं चूक कबूल केली की मार्क जाणार. त्यांना आम्हीच शिकवलंय तसं, प्रॅक्टिकलला उत्तर जुळत नसलं की मागनं रीडिंग बसवायचं. कुणी हात वर करू नका, सगळ्यांनी केलंय.

आता लिहिणं. दुसऱ्या परिषदेच्या सूचनेत अडीचशे शब्द आणि ऑनलाइन फॉर्मच्या खोक्यात पंधराशे कॅरेक्टर. मराठीला ह्यात मार बसतो, 'रस्त्या' डोळ्याला दोन अक्षरं दिसतात, फॉर्म सात मोजतो, कारण काना, हलन्त सगळं वेगवेगळं धरतो. त्यामुळं शब्द अडीचशे भरायच्या आधीच खोकं संपतं. दुसरा घोळ म्हणजे पोरांनी पहिला मसुदा डीटीपीवाल्याकडनं श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टात, टाइप करून आणलेला, तो फॉर्ममधे चिकटवला तर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची गिचमिड. आदल्या रात्री साडेनऊला हे कळलं. मिरजेवाल्यानं मोबाइलवर परत टाइप केलं सगळं, युनिकोडमधे, आणि टाइप करताना कंटाळा येत होता म्हणून त्यानं तीन वाक्यं आपसूक उडवली. तीनही उडवण्यासारखीच होती. 'पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे' त्यातच गेलं.

शेवटी गेला तो हा:

"शीर्षक : भिंतीवरच्या खुणांवरून आयर्विनची पातळी – सांगलीतील १२ ठिकाणांची पडताळणी.

पुराच्या वेळी सांगलीत आयर्विन पुलाची पातळी फुटांत जाहीर होते. पण त्या पातळीला आपल्या रस्त्यावर पाणी येईल का, हे रहिवाशाला त्यातून कळत नाही. आम्ही ४१ ठिकाणी २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या खुणा पाहिल्या. तोंडी सांगितलेल्या ११ खुणा वगळल्या. उरलेल्या ३० पैकी १२ ठिकाणी २०१९ आणि २०२१ च्या दोन्ही खुणा आहेत. खुणेपासून रस्त्यापर्यंतची उंची टेप आणि पाण्याच्या लेव्हल पाइपने मोजली. ती त्या वर्षीच्या आयर्विनच्या कमाल पातळीतून वजा केली की रस्त्यावर पाणी येण्याची पातळी मिळते. दोन वर्षांच्या खुणांवरून काढलेली ही पातळी ९ ठिकाणी चार इंचांच्या आत जुळली. ३ ठिकाणी जुळली नाही. एका ठिकाणी फरशी उंच केल्यावर खूण नव्याने काढली होती, दोन ठिकाणांचे कारण सापडले नाही. पुराचे पाणी गल्लीत आणि पुलाजवळ एकाच पातळीत होते असे आम्ही धरले आहे. नाल्यातून आधी येणारे पाणी या पद्धतीत दिसत नाही. सादरीकरणात एक भिंत घेऊन पूर्ण हिशोब करून दाखवू."

शेवटच्या वाक्यावर आमचं थोडं वाजलं. गावभागवालीचं म्हणणं 'महत्त्वपूर्ण' असं काहीतरी शेवटी पाहिजेच. मी म्हणाले, परीक्षकासमोर तीस-चाळीस प्रस्ताव असतात, त्याला आठ मिनिटांत आपण काय दाखवणार हे समजलं की पुरे, महत्त्व त्याचं तो ठरवेल. आणि 'एकाच पातळीत होते असे धरले आहे' हे वाक्य मी कापायला निघालेले, कॅरेक्टर वाचवायला, ते पोरांनी कापू दिलं नाही. बरोबर होती पोरं. नदीला उतार असतो, पूल आणि गल्ली यांच्यात थोडाफार फरक पडणारच, ते आपणच आधी सांगितलेलं बरं.

विभाग निवडायचा प्रश्न आलाच. भूगोलाचं हे नेहमीचं दुखणं. आविष्कारला सहा गट असतात, मानव्यविद्या आणि भाषा-ललित कला, वाणिज्य-व्यवस्थापन-विधी, शुद्ध विज्ञान, शेती आणि पशुसंवर्धन, अभियांत्रिकी, वैद्यकीय आणि फार्मसी, आणि भूगोलवाला ह्यातल्या कुठल्या डब्यात चढायचं ते प्लॅटफॉर्मवर उभा राहून ठरवतो. इथं पण तसंच. पहिल्यांदा आम्ही मानव्यविद्येत टाकलेलं, 'सामाजिक' शब्दामुळं. ह्यावेळी काम उंची मोजण्याचं होतं म्हणून विज्ञानात टाकलं. माझा अंदाज, पाइपाची पद्धत वाचून मान हलवणारा परीक्षक तिकडंच भेटला असता. नावांच्या क्रमावरनं पण एक संध्याकाळ गेली. वर्णानुक्रम लावा म्हटलं तर मिरजेवाला पहिला येतो आणि बाकी दोघांची तोंडं पडतात. शेवटी जिच्या भिंतीवरनं सुरू झालं ती पहिली, पाइपवाला दुसरा. माझं नाव मार्गदर्शक म्हणून वेगळ्या रकान्यात, लेखकांत नाही. काही ठिकाणी मार्गदर्शक सरळ पहिलं नाव घुसवतात, त्यांच्याबद्दल बोलत नाही.

मागितलं होतं तोंडी सादरीकरण, मिळालं पोस्टर. पोरं परत खट्टू. पोस्टर म्हणजे दुय्यम हा समज कुठनं आला देव जाणे. उलट ह्या कामाला पोस्टरच बरं होतं, कारण आठ मिनिटांत स्लाइड पळवायच्या ऐवजी एकाच भिंतीचा फोटो मोठा छापला, पोस्टरच्या निम्म्या उंचीचा, दोन रेघा, शेजारी टेप, बाजूला ती वजाबाकी हातानं लिहिल्यासारखी. बाकी तक्ता खाली बारीक. आणि बुधगाववाल्यानं पिवळा पाइप पिशवीतनं नेला होता. टेबलाच्या दोन पायांना दोन टोकं धरून तो येणाऱ्या प्रत्येकाला दाखवत होता की हॉलची फरशी एका बाजूला उतरती आहे. त्याच्यासमोर गर्दी हटेना.

परीक्षक दोन होते. एकीनं पहिलाच प्रश्न टाकला, पाणी जर ड्रेनेजमधनं उलटं आलं तर? गावभागवाली म्हणाली, "मग आमचा आकडा चुकतो मॅडम. त्याच्या आधीच पाणी येईल. म्हणून हा आकडा भरवशाचा धरायचा नाही, एवढ्याला तर नक्कीच येतं एवढंच म्हणायचं." हे उत्तर मी पाठ करून घेतलेलं नव्हतं. दुसरे कोल्हापूरकडचे होते, त्यांनी विचारलं, आमच्या राजाराम बंधाऱ्याला, ३९ ला इशारा आणि ४३ ला धोका, तिथं हेच चालेल का? बुधगाववाला म्हणाला, "चालंल सर, पण भिंती तुमच्या तुम्हाला मोजाव्या लागतील." ते हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. बक्षीस उत्तेजनार्थ मिळालं. पहिलं कुणाला मिळालं ते आठवत नाही, त्यांचं मॉडेल लाइटचं होतं एवढं आठवतंय.

फरशी उंच केलेल्या दुकानदाराला पोरांनी निकाल सांगायला जायचं ठरवलेलं, तसं सगळ्यांनाच कबूल केलेलं. त्याच्यासाठी १९ च्या खुणेवरनं आकडा काढून दिला, ती खूण आत खांबावर होती, जुनीच, हलवलेली नव्हती. पंधरा दिवसांनी मी त्या बाजूनं गेले तर शटरच्या शेजारी ऑइलपेंटनं लिहिलेलं, लाल, 'आयर्विन ५०'. मी गावभागवालीला फोन केला, ती धावत गेली. काका, नुसतं ५० लिहू नका, अंदाजे लिहा, लोक त्याच्यावर विसंबून राहतील. काका म्हणाले, जागा कुठाय? एका बाजूला शटरची पट्टी, दुसऱ्या बाजूला लाइटचा मीटर.

ती तिथनं हलेना तेव्हा त्यांनी ब्रश घेतला आणि ५० च्या आधी कसंबसं 'अं.' बसवलं.